गिरणगावचा जीर्णोद्धार, आणि देव वांगणीला!



एका गावाने देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी गोळा केली. कळसाला मुलामा दिला, सभामंडपात संगमरवरी फरशी बसविली, आवारात दिव्यांची रोषणाई केली, आणि सगळे झाल्यावर पुजारी देवाला म्हणाला, “देवा, आता तू इथे शोभत नाहीस. तुझी सोय आम्ही पंचवीस कोसांवरच्या माळावर केली आहे. तिथे हवा फार चांगली!” ही गोष्ट कुणी कीर्तनात सांगितली असती तर आपण पोट धरधरून हसलो असतो. पण लालबाग-परळात, डिलाईल रोडला, वरळी-नायगाव-शिवडीला आज नेमके हेच चालले आहे. आणि हसायला कुणाला सुचत नाही, कारण माळावर पाठवायचा तो देव म्हणजे आपण.

या कारभाराला त्यांनी नाव दिले आहे ‘पुनरुज्जीवन’. शब्द मोठा सोज्वळ! पुनरुज्जीवन म्हणजे मेलेल्याला पुन्हा जिवंत करणे. मग आमचा पहिला प्रश्न असा की, बाबांनो, मेले कोण होते? आणि मारले कुणी? १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा गिरणगाव जिवंत होते. तीन पाळ्यांचे भोंगे वाजत होते, पहिल्या पाळीच्या माणसांसाठी पहाटे चहाच्या टपऱ्या पेटत होत्या. तो संप आजतागायत कुणी रीतसर मागे घेतलेला नाही. गिरण्यांची दारे मात्र एकामागून एक बंद झाली, चिमण्या थंड पडल्या, आणि ज्या जमिनीवर साचे उभे होते त्या जमिनीचा भाव साच्यातून निघणाऱ्या कापडापेक्षा शंभरपट झाला. त्या दिवसापासून मालकाला कापडात रस उरला नाही. आधी रोग्याचे औषध तोडायचे, मग त्याला मेलेला ठरवायचे, आणि शेवटी त्याच्या खाटेच्या जागेवर हॉटेल काढून त्याला पुनरुज्जीवन म्हणायचे, असा हा धंदा आहे.

आम्ही हे संयुक्त महाराष्ट्राच्या व्यासपीठावरून का बोलतो, असे काही शहाणे विचारतात. भाषेचा आणि घरांचा काय संबंध, म्हणे! अहो, १९५५ साली मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही म्हणणाऱ्यांचा मुद्दा तरी काय होता? मुंबई आमच्या पैशाने उभी राहिली, तेव्हा ती आमची, हाच ना? त्याला उत्तर दिले ते या गिरणगावाने. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी साचाखाते सोडून माणसे फ्लोरा फाउंटनकडे निघाली ती गोळ्या झेलण्यासाठीच. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा झाली, तेव्हा रस्त्यारस्त्यांत पुन्हा रक्त सांडले. १०५ हुतात्मे म्हणून ज्यांना आपण हात जोडतो (पुढे त्या यादीत आणखी नावे जोडली गेली), त्यांत चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतून निघालेली माणसे किती होती, हे यादी वाचून बघा. पैशाने मुंबई बांधली की घामाने, या वादाचा निकाल १ मे १९६० रोजी घामाच्या बाजूने लागला. आता तोच वाद पैसेवाल्यांनी गुपचूप पुन्हा उघडला आहे, आणि या खेपेला गोळी न झाडता ते जिंकत चालले आहेत. नियमाच्या एका ओळीने जिंकत चालले आहेत!

ती ओळ कोणती, ते नीट समजून घ्या. कारण आपल्याला हिशेब येत नाही या भरवशावरच हे सगळे उभे आहे.

१९९१ साली मुंबईसाठी विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यातल्या ५८ व्या नियमात बंद वा आजारी गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते. ढोबळमानाने एक वाटा महापालिकेला, बागा-मैदानांसाठी. एक वाटा म्हाडाला, सामान्य माणसाच्या घरांसाठी. आणि एक वाटा मालकाला. समजा गिरणी पंधरा एकरांची आहे. पाच एकर शहराला, पाच घरांना, पाच मालकाला. मालकाचे पाचही काही कमी नव्हते; लालबागेत पाच एकर म्हणजे सात पिढ्यांची सोय. पण हावरटाला वाटा म्हटला की पोटात दुखते. २००१ साली त्या नियमात दुरुस्ती झाली. काय झाली? वाटे करायचे ते सगळ्या जमिनीचे नाहीत, फक्त मोकळ्या जमिनीचे! म्हणजे त्या पंधरा एकरांपैकी बारांवर शेड, गोदाम, चिमणी, कचेरी उभी असेल, तर मोकळे तीनच एकर. वाटा त्या तिनाचा. शहराला एक, आपल्याला एक, आणि मालकाला उरलेला एक अधिक ती बांधलेली बारा. एकूण तेरा एकर! शेड मग पाडली तरी हरकत नाही, तिच्याखालची जमीन त्याचीच. पाचाचे तेरा झाले, आणि आपल्या पाचाचा एक राहिला. ही जादू पी. सी. सरकारांनासुद्धा जमली नसती.

सबंध मुंबईत गिरण्यांची जमीन होती सुमारे सहाशे एकर. त्यावर हा मंत्र म्हटला तर काय झाले असेल, ते तुम्हीच मांडा. पर्यावरणवाल्या मंडळींनी दावा लावला; ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती मालकांच्या बाजूने वाचायला नकार दिला, तेव्हा आम्ही चाळीत पेढे वाटले होते. पेढ्याची चव जिभेवर होती तोच मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. झाले! न्यायालयाचा मान आम्ही राखतो. पण आमचे भांडण न्यायालयाशी नव्हतेच. नियम लिहिणारे हात कुणाचे होते? मोरारजींचे सरकार नव्हते ते. दिल्लीश्वरही नव्हते. १९६० नंतरचे, मराठी बोलणारे, हुतात्मा चौकात दर वर्षी फुले वाहणारे आपलेच सरकार होते. आणि त्यानंतर ज्या ज्या रंगाची सरकारे आली, त्यांतल्या एकानेही ती ओळ खोडली नाही. परक्याने मारले तर माणूस ओरडतो. घरच्याने मारले तर कुठे सांगायला जायचे?

त्याआधी १९९६ साली वास्तुकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सरकारला सांगितले होते की, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार करा, शेजारच्या गिरण्या जोडून सलग मोकळ्या जागा काढा, घरे काढा, रोजगार काढा. तो अहवाल कुठल्या कपाटात वाळवीचा घास झाला, कोण जाणे. वेगवेगळे तुकडे वेगवेगळ्या शेठांना विकण्यात जी गोडी आहे ती सलग योजनेत कुठली!

त्या गोडीचा एकच नमुना देतो. महामंडळाने २००५ साली लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाईल मिलची सतराएक एकर जमीन सुमारे ७०२ कोटी रुपयांना विकली. सात वर्षांनी, २०१२ मध्ये, तीच जमीन सुमारे २,७२७ कोटींना हात बदलून गेली. मधल्या सात वर्षांत त्या जमिनीवर कुणी एक वार कापड विणले नाही. तरी दोन हजार कोटी वाढले! हे दोन हजार कोटी लक्षात ठेवा. पुढे कामाला येतील.

आता त्यांनी वसविलेले नवे नगर बघू. काचेचे मनोरे झाले, कचेऱ्या झाल्या, दुकानांचे महाल झाले. डिलाईल रोडला ते लोअर परळ म्हणू लागले, आणि लोअर परळला ‘अप्पर वरळी’! जमिनीबरोबर नावही विकले. आपल्या चाळीचा पत्ता आपल्यालाच ओळखू येईना. पण मनोरे बांधताना कुणी हा विचार केला का, की या हजारो माणसांनी चालायचे कुठून? बागांचा, रस्त्यांचा तिसरा वाटा तर गिळून बसलात! २९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ आठवा. परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनांना जोडणारा तो गिरणीच्या काळातला अरुंद जिना, वरून पाऊस, आणि कचेऱ्यांकडे निघालेली गर्दी. २३ माणसे चेंगरून मेली. मग लष्कराला बोलावून पूल बांधला! पुढच्या वर्षी स्टेशनचे नाव बदलून प्रभादेवी केले. नाव मराठी झाले याचा आम्हाला आनंदच आहे. पण त्या स्टेशनावर उतरून घरी जाणारी मराठी माणसे राहणार की नाहीत, ते आधी सांगा.

कुणी म्हणेल, गिरण्या काय पुन्हा सुरू व्हायच्या आहेत? साचे भंगारात गेले, धोटे फिरायचे थांबले, २०२० च्या टाळेबंदीत टाटा मिलसारखी उरलीसुरली खातीही थांबली. मग जमीन काय तशीच पडू द्यायची? नाही, बाबा. आम्हीही पुनरुज्जीवन मागतो. छपरातून गळणारे पाणी आणि पन्नास माणसांमागे दोन संडास यांचा आम्हाला काही पुळका नाही. चाळीचे गोडवे गाणारे बहुतेक लोक चाळीत राहत नाहीत. पण वस्ती जिवंत कशाने होते, हे आम्हाला ठाऊक आहे आणि नकाशावाल्यांना ठाऊक नाही. वस्ती म्हणजे घर आणि बाजार. एकाला उचलले की दुसरे मरते.

पेरू चाळीचा बाजार १९३२ मध्ये बंद पडला, तेव्हा कोळणी आणि छोटे विक्रेते उघड्यावर आले. हक्काच्या बाजाराला जागा मिळावी म्हणून त्यांनी नवस बोलला, जागा मिळाली, आणि १९३४ साली गणपती बसला. आज ज्याच्या दर्शनाला दिवस दिवस रांग लागते तो लालबागचा राजा मुळात बाजाराच्या जागेसाठी बोललेल्या नवसाचा देव आहे! रांगेत पुढून घुसणाऱ्या बड्या लोकांना हे कुणी सांगत नाही. त्या बाजाराच्या आसपास चिवडा गल्ली झाली, मिरची-मसाल्याची दुकाने झाली. एप्रिल-मे महिन्यांत अजून बाया पिशव्या घेऊन येतात, मिरची निवडतात, भाजून कांडून वर्षाचा मसाला नेतात. या दुकानांना गिऱ्हाईक कोण? चाळिसाव्या मजल्यावरची बाई खाली उतरून पाव किलो बेडगी निवडीत बसणार आहे का? तिचा मसाला डबीतून येतो. चाळ हलली की दुकान दोन वर्षे ओढून-ताणून चालते, तिसऱ्या वर्षी तिथे फोन विकायला बसतात.

आणि खाणावळवाल्या बायकांना विसरू नका. कोकणातून, घाटावरून आलेला माणूस गावच्या गाळ्यात पथारी टाकायचा आणि जेवायचा एखाद्या मावशीकडे. दोन वेळचे जेवण, हिशेब महिन्याच्या पगाराला. मावशी वाण्याकडून उधार उचलायची, वाणी पेढीवाल्याकडून. सगळ्यांच्या उधारीची गाठ एका पगाराच्या तारखेला बांधलेली. संपाच्या दिवसांत मजुरी थांबली तरी या बायांनी पंगती थांबविल्या नाहीत. दागिने गहाण टाकून, सावकाराचे व्याज भरून कामगाराला जेवू घातले. याच बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, बँकेचे कर्ज मिळवून दिले, सावकाराच्या दाढेतून सोडविले. खरे व्यापारी केंद्र ते! त्याला वातानुकूलित गाळा लागत नव्हता. लागत होती मोरी असलेली खोली आणि चालत येण्याच्या अंतरावर राहणारी माणसे. नव्या नकाशात दुकानांचे चौकोन पुष्कळ आहेत. तवा आणि पाच डबे घेऊन बसणाऱ्या बाईचा चौकोन कुठाय, तो आम्ही भिंग लावून शोधला. सापडला नाही.

“जागेवरच घरे देणे व्यवहार्य नाही,” असे साहेब लोक मान हलवून सांगतात. मग वरळीला काय झाले? १९२०-२५ च्या सुमारास इंग्रज सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळी; वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२, शिवडीला १२. १६० चौरस फुटांच्या खोल्या, तुरुंगासारख्या भिंती. २०१७ मध्ये नारळ फुटला, मग वर्षानुवर्षे सभा, हरकती, नकार, पात्र-अपात्रतेचे घोळ. पण रहिवासी हटले नाहीत, आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हाती त्याच जागेवरच्या ५०० चौरस फुटांच्या घराच्या चाव्या पडल्या. म्हणजे करता येते! लिफ्टचे, पंपाचे, देखभालीचे पैसे दर महिन्याला पेन्शनीतून कसे भरायचे, ही काळजी उरली आहे आणि तिचे उत्तर सरकारकडून लेखी घेतले पाहिजे. तरी करता येते, हे सिद्ध झाले. इंदू मिलची बारा एकर जागा बाबासाहेबांच्या स्मारकासाठी मिळाली, तीही लोक उठले म्हणूनच.

आणि गिरणी कामगाराला काय मिळाले? घरासाठी अर्ज आले पावणेदोन लाखांच्या घरात. २०१२ पासून २०२० पर्यंत चार सोडती निघाल्या. एकूण घरे १५,८७०. अकरा अर्जांमागे एक घर! त्यांतही पनवेलजवळच्या कोनची सोडत डिसेंबर २०१६ ची. मध्ये करोनाच्या साथीत ती घरे विलगीकरणाला घेतली, आणि चाव्यांची वाट बघता बघता कित्येकांचे वारस दाखल्यासाठी धावपळ करू लागले. बाकीच्यांसाठी मार्च २०२४ च्या सरकारी निर्णयाने शेलू आणि वांगणी हे मुक्काम काढले. बदलापूरच्याही पुढे! बोरीबंदरपासून पाऊणशे किलोमीटरच्या पलीकडे. १९८२ साली पंचवीस वर्षांचा असलेला बदली कामगार आज सत्तरीला टेकला आहे. त्याचा दवाखाना परळला, मुलाची नोकरी दादरला, भजनी मंडळ करी रोडला. तो रोज कर्जत लोकलच्या दांडीला लोंबकळणार? घराची किंमत पंधरा लाख, त्यांतले साडेनऊ लाख कामगाराने भरायचे; आणि जो नाकारील त्याचा हक्क बुडेल, असे कलमही वर जोडले होते. जुलै २०२५ मध्ये म्हातारे-म्हाताऱ्या काठ्या टेकीत आझाद मैदानात जमले, तेव्हा कुठे ते कलम काढण्याचे आश्वासन तोंडातून निघाले.

आता ते दोन हजार कोटी काढा. एका गिरणीच्या जमिनीने सात वर्षांत नुसते पडून जे कमावले, त्यातून साडेनऊ लाखांचा कामगाराचा हिस्सा एकवीस हजार घरांसाठी भरता आला असता. एका गिरणीतून! पैसे नाहीत म्हणणाऱ्याच्या तोंडावर हा हिशेब ठेवा.

आपल्या घरचेही थोडे बोलू. आपल्यातल्याच काहींनी अर्धी रक्कम रोख आणि अर्धी वायद्यावर घेऊन खोलीचा ताबा सोडला आणि आता नालासोपाऱ्यात बसून शिव्या देतात. काही पुढारी चाळ कमिटीत शिरून दलाल झाले. काहींनी सगळा राग शेजारच्या परप्रांतीय हमालावर काढला. अरे, आपल्याच गिरणीत तेलुगू पद्मशाली साच्यावर होता, भय्या रात्रपाळीला होता, मदनपुऱ्याचा विणकर होता. त्यांनीही संप सोसला, त्यांचीही खोली गेली. बारा एकर गिळणाऱ्याला सोडून फुटपाथवरच्या भेळवाल्याची गाडी उलटवायची, याला आम्ही मराठी बाणा म्हणत नाही.

तेव्हा आमचे मागणे असे. महामंडळाच्या उरलेल्या गिरण्यांच्या जमिनीतला घरांचा वाटा सगळ्या जमिनीवर मोजा, मोकळ्या तुकड्यावर नव्हे. अर्जदार कामगाराला आणि वारसाला मुंबईतच घर द्या. शेलू-वांगणी ज्याला स्वखुशीने हवी त्यालाच, आणि नाकारणाऱ्याचा हक्क कायम ठेवा, तोंडी नको, राजपत्रात छापून. जिथे चाळ पाडाल तिथे तिच्या तळमजल्यावरचे वाणी, न्हावी, पिठाची चक्की, खाणावळ, मसाल्याचे दुकान यांना त्याच रस्त्याला, परवडेल अशा भाड्याने, लेखी जागा द्या. खोलीत डबे करणाऱ्या बाईची नोंद व्यवसाय म्हणून करा.

पुढच्या सभेला येताना रिकाम्या हाताने येऊ नका. गिरणीचे तिकीट, हजेरी कार्ड, फंडाची पावती, ईएसआयचे कार्ड, जे सापडेल ते घेऊन या. ट्रंकेच्या तळाशी, देवाच्या फोटोमागे, गावच्या घरी माळ्यावर बघा. ज्यांचा मनुष्य गेला आहे त्यांनी मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावे आणावी. चाळीच्या दुकानदारांनी भाड्याची जुनी पावती आणावी. सभेच्या मंडपाच्या डाव्या हाताला टेबल मांडलेले असेल. तिथे आमची मुले नावे उतरून घेतील आणि कागदाची नक्कल काढून मूळ कागद लगेच परत देतील. मूळ कागद कुणाच्याही हवाली करू नका, आमच्यासुद्धा.